भट्टीची वही उघडी करा, मग जीपीयू विकत घ्या

एआय आलं, आता नवीन सिरॅमिक कॉम्प्युटरवरच सापडणार, वर्षानुवर्षं भट्ट्या पेटवत बसायची गरज उरणार नाही, असं हल्ली खूप ऐकू येतं, आणि सरकारी योजनांची भाषाही त्याच अंगाने चाललीय. माझं म्हणणं वेगळं आहे. गुंतागुंतीचं सिरॅमिक कसं क्रिस्टलाइझ होतं, म्हणजे त्यात स्फटिक कसे बनतात, ते मशीन लर्निंगने सिम्युलेट करणं हे या क्षेत्रातलं गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं खरंच मोठं काम आहे, त्यावर पैसा खर्च व्हायलाच पाहिजे, यात वाद नाही. पण आपल्याकडे तो पैसा एकाच टोकाला चाललाय. जीपीयू, म्हणजे एआयसाठी लागणाऱ्या चिपा, घेतले जातायत आणि भट्टीच्या नोंदी कपाटात धूळ खातायत. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक लॅबने आपल्या भट्टीची वही, फसलेल्या बॅचेससकट, सगळ्यांना खुली केली पाहिजे, आणि ही ग्रँटची अटच असली पाहिजे. एवढी आग्रहाने का सांगावी ही गोष्ट, ते कळायला जरा आत शिरावं लागेल.

दाताला कॅप बसवलेलं माणूस आता जवळपास प्रत्येक घरात सापडतं. त्यातल्या बऱ्याच कॅपा लिथियम डायसिलिकेट नावाच्या ग्लास-सिरॅमिकच्या, म्हणजे काच तापवून तिच्यात स्फटिक वाढवलेल्या मटेरियलच्या, असतात. डेंटल लॅबमध्ये याचा छोटा ब्लॉक येतो तो चक्क निळा-जांभळा असतो, दाताच्या रंगाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. मशीन तो ब्लॉक कोरून दाढेचा आकार काढतं, कडा घासल्या जातात, तोंडात घालून माप बघितलं जातं, आणि हे सगळं निळा असतानाच होतं कारण तेव्हा त्याची ताकद फक्त 130 मेगापास्कलच्या आसपास असते, म्हणजे कोरायला सोपा. मग तो छोट्या भट्टीत जातो, 840-850 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, आणि अर्ध्या तासाच्या आत बाहेर येतो तेव्हा दाताच्या रंगाचा झालेला असतो आणि ताकद 360 मेगापास्कलवर गेलेली असते. वरून काही लावलेलं नाही, आतून काही काढलेलं नाही. आत लिथियम मेटासिलिकेटचे बारीक स्फटिक होते, ते नाहीसे होऊन त्यांच्या जागी डायसिलिकेटचे लांबट, सुईसारखे, एकमेकांत गुंतलेले स्फटिक तयार झाले, एकूण आकारमानाच्या सुमारे 70 टक्के. भेग पडली तरी तिला या सुयांच्या गुंत्यातून वाट काढावी लागते, म्हणून कॅप चावताना तुटत नाही.

हे मटेरियल कसं सापडलं तेही सांगण्यासारखं आहे. 1953 मध्ये कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी लिथियम सिलिकेट काचेचा तुकडा 600 अंशांवर तापवत होता, भट्टीचा कंट्रोल बिघडला आणि तापमान 900 वर गेलं. काच वितळून भट्टी खराब झाली असणार असं धरून त्याने उघडली तर आत पांढरी, आकार तसाच ठेवलेली पाटी होती, आणि काढताना ती चिमट्यातून निसटून फरशीवर पडली तरी फुटली नाही. ग्लास-सिरॅमिक हा अख्खा प्रकार तिथून सुरू झाला, पुढे गरम ओव्हनमधून थेट गार फरशीवर ठेवता येणारी भांडी, स्टोव्हचे काळे टॉप, मोठ्या दुर्बिणींचे आरसे, सगळं. म्हणजे ज्या बॅचला कुणीही फसलेली म्हणून फेकून दिलं असतं, त्या बॅचमध्ये खरा माल होता.

आता प्रश्न असा की आत नक्की काय होतं. घरी तूप कढवलं आणि हळूहळू निवू दिलं की छान कणीदार होतं, तेच गरम गरम फ्रिजमध्ये ढकललं की गुळगुळीत गोळा होतो. तूप तेच, निवण्याचा वेग वेगळा. काचेतही तसंच आहे, फक्त तिथे एकाच वेळी सहा-सात प्रकारचे स्फटिक व्हायला टपलेले असतात आणि कोण आधी उठणार हे तापमान, वेळ आणि मिश्रणातला एखाद-दोन टक्के फॉस्फरस ठरवतो. सुरुवात होते ती शे-दोनशे अणूंच्या एका पुंजक्यापासून. असे पुंजके सतत बनतात आणि मोडतात, एखादाच तग धरतो आणि वाढायला लागतो. एक्स-रे डिफ्रॅक्शनने, म्हणजे एक्स-रे मारून आतली रचना ओळखायच्या पद्धतीने, स्फटिक दिसतो तो बऱ्यापैकी वाढल्यावर, म्हणजे जन्म होऊन गेल्यावर. त्या क्षणाला मायक्रोस्कोप लावणं जवळपास अशक्य, म्हणून सिम्युलेशन.

सिम्युलेशनचा धागा आपल्या जवळचा आहे. हैदराबादला जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी 1964 मध्ये अमेरिकेतल्या आर्गोन लॅबमध्ये 864 आर्गॉन अणूंचं द्रव कॉम्प्युटरवर हलवून दाखवलं, आज जगभर चालणाऱ्या मॉलिक्युलर डायनॅमिक्सच्या, म्हणजे अणूंची हालचाल पावलापावलाने कॉम्प्युटरवर काढण्याच्या पद्धतीच्या, पायातलं ते काम आहे. आर्गॉन सोपा, अणू एकमेकांना कसे ढकलतात-ओढतात याचं एक साधं सूत्र पुरतं. ऑक्साइडला ते पुरत नाही, तिथे बंध तुटतात, जुळतात, ऑक्सिजन कधी एका सिलिकॉनचा असतो कधी दोघांचा. क्वांटम गणित करून अणूंवरची ही ढकला-ओढीची बळं काढायची तर अणू दुप्पट केले की वेळ आठपट होतो, त्यामुळे काही शे अणूंवर गाडी अडते. 2007 मध्ये बेहलर आणि पॅरिनेलो या संशोधकांनी मार्ग काढला: क्वांटम गणित थोड्या रचनांवर करा, त्यावर न्यूरल नेटवर्क शिकवा, आणि पुढे बळं त्या नेटवर्कलाच विचारा. 2010 मध्ये केंब्रिजहून दुसरी पद्धत आली, मग तर रांगच लागली. 2020 मध्ये याच प्रकारच्या कामाने दहा कोटी अणूंची सिस्टीम क्वांटम दर्जाच्या अचूकतेने चालवून सुपरकॉम्प्युटिंगमधलं गॉर्डन बेल प्राइझ मिळवलं. 2023 मध्ये मेमरी चिपमधल्या जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियमचं पाच लाखांहून जास्त अणूंचं, म्हणजे जवळपास खऱ्या डिव्हाइसएवढं, सिम्युलेशन छापून आलं. मला हे सगळं मनापासून भारी वाटतं आणि जी पोरं हे करतायत त्यांच्याबद्दल आदर आहे.

पण याच कामात खोलवर असलेली माणसं ज्या अडचणी उघडपणे लिहितात त्या बातमीत येत नाहीत, आणि धोरण तर बातमी वाचून ठरतं.

वेळेचं गणित घ्या. सिम्युलेशनचं एक पाऊल साधारण एक फेम्टोसेकंदाचं, म्हणजे दहा लाख पावलं टाकली की एक नॅनोसेकंद, सेकंदाचा शंभर कोटीवा भाग, होतो. डेंटल भट्टीतली पंचवीस मिनिटं म्हणजे दीडवर अठरा शून्यं इतकी पावलं. कुठलाही सुपरकॉम्प्युटर ती टाकू शकत नाही, म्हणून मग तापमान वाढवून ठेवतात, किंवा पुंजका बनायला कृत्रिम धक्का देतात, किंवा काच सेकंदाला लाखो कोटी अंश या वेगाने गार करतात. खऱ्या लॅबमध्ये काच सेकंदाला काही अंशांनी गार होते. यावर हुशार युक्त्या आहेत आणि त्या चालतात, पण प्रत्येक युक्तीत काहीतरी गृहीत धरलेलं असतं आणि ते बरोबर होतं का हे शेवटी भट्टीलाच विचारावं लागतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. नेटवर्क शिकतं कुणाकडून? क्वांटम गणिताकडून. आणि ते गणितसुद्धा अंदाजावर उभं आहे. सिलिका बघा, वाळूतलं साधं सिलिकॉन डायऑक्साइड. नेहमीच्या तापमानाला त्याचं स्थिर रूप क्वार्ट्झ, आणि क्रिस्टोबलाइट हे दुसरं रूप ऊर्जेत त्याच्या जरासं वर, मोलमागे तीन किलोज्यूलच्या आसपास. आता पीबीई नावाची क्वांटम अंदाजाची जी सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत आहे ती हा क्रम उलटा सांगते, क्रिस्टोबलाइट जास्त स्थिर म्हणते. आणि आज जी मोठमोठी सगळ्या मूलद्रव्यांवर चालणारी मॉडेल्स फुकट डाउनलोड करता येतात त्यातली बरीचशी पीबीईच्याच आकड्यांवर शिकलेली आहेत. म्हणजे गुरूचीच चूक आहे, आणि शिष्य जितका चांगला शिकेल तितकी ती चूक घट्ट बसेल. मॉडेलच्या पेपरात एरर कमी दिसेल, कारण ती एरर गुरूच्या उत्तराशी मोजलेली असते, निसर्गाशी नाही. स्फटिक बनताना कोण जिंकणार हे अशाच बारीक फरकावर ठरतं, त्यामुळे हा तपशील किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

शिवाय ही मॉडेल्स शिकली कशावर? बहुतेक करून तयार, शांत बसलेल्या स्फटिकांच्या आणि त्यांच्या आसपासच्या रचनांवर. क्रिस्टलायझेशन घडतं ते वितळलेल्या, विस्कटलेल्या, अर्धवट जुळलेल्या अवस्थेत. 2024 मध्ये दाखवलं गेलं की ही सर्वसमावेशक मॉडेल्स शांत अवस्थेपासून लांब गेल्यावर बळं पद्धतशीरपणे कमी सांगतात, अणू जणू मऊ गादीवर असल्यासारखे वागतात. त्यावर उपाय म्हणून विस्कटलेल्या रचनांचा भला मोठा डेटा तयार व्हायला लागला, फेसबुकवाल्या मेटाने त्याच वर्षी दहा कोटींहून जास्त क्वांटम हिशोब खुले केले. चांगलंच झालं. पण तेही शेवटी गणितच, भट्टीतून आलेला त्यात एकही आकडा नाही.

आणि मिश्रण. लिथियम डायसिलिकेटच्या सिम्युलेशनमध्ये बहुतेक वेळा लिथियम, सिलिकॉन, ऑक्सिजन ही तीनच मूलद्रव्यं असतात. डेंटल ब्लॉकमध्ये त्यावर पोटॅशियम, फॉस्फरस, झिर्कोनियम, झिंक, ॲल्युमिनियम आणि रंगाचे ऑक्साइड असतात, मोजली तर दहाच्या घरात जातात, आणि त्यातला फॉस्फरस तर मुद्दाम स्फटिकाची सुरुवात करून द्यायलाच घातलेला असतो. साध्या तीन मूलद्रव्यांच्या काचेतसुद्धा शंभर वर्षांपूर्वीच्या न्यूक्लिएशन थिअरीने, म्हणजे पहिले पुंजके कसे उठतात याच्या थिअरीने, काढलेला वेग आणि प्रत्यक्ष मोजलेला वेग यांच्यात इतका फरक येतो की शून्यं मोजावी लागतात. ब्राझीलमधल्या साओ कार्लोसच्या काच संशोधकांनी कित्येक दशकं हाच एक प्रश्न धरून ठेवला, आणि त्यांनी चिकाटीने मोजलेले आकडे आहेत म्हणून तर आज कुणाचं सिम्युलेशन बरोबर आणि कुणाचं नाही हे सांगता येतं. तो धडा आपण घेतला पाहिजे. एका मटेरियलवर अनेक वर्षं नीट मोजमाप करणं हे कंटाळवाणं वाटतं, त्याची बातमी होत नाही, आणि तरीही सगळ्यात जास्त उपयोगी तेच पडतं.

भट्टीतून खरं काय निघालं ते नीट न तपासता काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये बर्कलेच्या सरकारी लॅबमधल्या रोबो-लॅबचा पेपर आला, तिला ए-लॅब म्हणतात. पावडरी मिसळणं, भट्टीत टाकणं, एक्स-रे काढणं, त्यावरून काय बनलं हे ओळखणं, सगळं आपोआप. 17 दिवसांत 58 पैकी 41 नवीन मटेरियल बनवली असा दावा होता. त्याच दिवशी गूगल डीपमाइंडने 22 लाख नवीन स्फटिक रचनांचं भाकीत जाहीर केलं. जगभर हेडलाइन झाल्या. मग लंडन आणि प्रिन्स्टनच्या केमिस्ट लोकांनी बसून ते एक्स-रे आलेख एकेक करून तपासले, आणि 2024 मध्ये लिहिलं की त्यात नवीन असं एकही मटेरियल नाही. मुख्य गडबड अशी होती की कॉम्प्युटरने प्रत्येक अणूला ठरलेली जागा दिलेली, अगदी शिस्तीत, पण हजार अंशांच्या भट्टीत दोन सारखे अणू एकमेकांच्या जागा घेतात, मिसळून जातात, आणि जे बनतं ते आधीपासून माहीत असलेलं मिसळलेल्या रचनेचं मटेरियल असतं. मूळ गटाने यावर आपली बाजू मांडली, चर्चा झाली, आणि ती होऊ शकली ती एकाच कारणाने: कच्चे एक्स-रे आलेख उपलब्ध होते. त्याबद्दल त्या गटाचं कौतुकच केलं पाहिजे. आपल्याकडच्या किती पेपरांच्या बाबतीत बाहेरचा माणूस असं तपासू शकेल?

यावर कुणी म्हणेल की हा संशोधकांचा आपापसातला वाद, सामान्य माणसाचं काय. तर 1990 च्या दशकाच्या शेवटी काय झालं ते बघा. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडच्या टणक सिरॅमिकचा, गोळा बसवत. झिर्कोनियाच्या स्फटिकाचं रूप बदललं की तो फुगतो, चार-पाच टक्क्यांनी, हाच त्याचा गुण आणि हाच धोका. एका मोठ्या युरोपियन उत्पादकाने 1998 मध्ये बॅच भट्टी बदलून बोगद्यासारखी सलग चालणारी भट्टी घेतली. तेच मटेरियल, तेच माप. बदललं ते फक्त तापवण्या-निववण्याचं वेळापत्रक. त्यानंतर काही बॅचेसमधले गोळे माणसांच्या शरीरात तडकायला लागले, सुमारे चारशे, आणि 2001 मध्ये माल परत बोलवावा लागला. ज्यांच्या खुब्यात तो गोळा फुटला त्यांचं दुसरं ऑपरेशन, तुकडे वेचून काढणं, काय यातना झाल्या असतील. रासायनिक सूत्र बघून हे कुठल्याच मॉडेलला कळलं नसतं, कारण सूत्र बदललंच नव्हतं. भट्टीच्या नोंदीत मात्र ते होतं.

आता उलट बाजू, कारण मला सिम्युलेशन नको आहे असा कुणी अर्थ काढू नये. तारापूर आणि ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्लांट आहेत जिथे अतिकिरणोत्सारी कचरा बोरोसिलिकेट काचेत विरघळवून बंद करतात. तिथे क्रिस्टलायझेशन हा शत्रू आहे. काचेत नको ते स्फटिक उठले, उदाहरणार्थ नेफेलिन, तर उरलेली काच कमजोर होते आणि पाण्यात लवकर झिजते. अमेरिकेत हॅनफर्डच्या कचऱ्यासाठी काचेचं मिश्रण ठरवताना नेफेलिन टाळणं हीच मोठी अट असते. आपल्या कचऱ्यात सल्फेट जास्त असलं तर वेगळं, बेरियम घातलेलं मिश्रण घ्यावं लागलं. या काचेने हजारो वर्षं टिकायचंय. हजार वर्षांचा प्रयोग कोण करणार? इथे सिम्युलेशनला पर्यायच नाही. पालघरमध्ये राहणाऱ्या माणसाच्या नातवंडांच्या नातवंडांचा हा प्रश्न आहे, आणि म्हणूनच त्या सिम्युलेशनचा पाया जिथे जिथे खऱ्या मोजमापाने पक्का करता येईल तिथे तो केलाच पाहिजे. जेवढं गुप्त ठेवणं भाग आहे तेवढं ठेवा, पण किरणोत्सारी नसलेल्या नमुना-काचांवर केलेले प्रयोग खुले करायला काय हरकत आहे?

खुल्या डेटाने काय होतं ते आल्फाफोल्डने दाखवून दिलंय. प्रोटीनची घडी ओळखणारं ते मॉडेल बनवणाऱ्यांना 2024 च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, पण ते मॉडेल शिकलं कशावर, तर 1971 मध्ये सात रचनांनी सुरू झालेल्या आणि तेव्हापासून जगभरच्या लॅबनी भरत नेलेल्या प्रोटीन डेटा बँकेवर. पन्नास वर्षं हजारो माणसांनी आपली मोजमापं तिथे जमा केली, नंतर तर जर्नल्सनी अटच घातली की रचना जमा केल्याशिवाय पेपर छापणार नाही. सिरॅमिकमध्ये असं काही नाही. सिरॅमिक फेज डायग्रामचा, म्हणजे कुठल्या मिश्रणात कुठल्या तापमानाला काय बनतं याच्या नकाशांचा, मोठा संग्रह आहे, तो विकत घ्यावा लागतो. अकार्बनी स्फटिक रचनांचा सगळ्यात मोठा संग्रह, तोही विकत. कॅलिफोर्नियात 2011 मध्ये सुरू झालेला मटेरियल्स प्रोजेक्ट खुला आहे, त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे, पण तो मुख्यतः गणिताने काढलेल्या आकड्यांचा आहे. कुठल्या पावडरी, कुठली मूस, किती अंश, किती तास, मग काय बनलं आणि काय बनलं नाही, याची प्रोटीन डेटा बँकेच्या तोडीची बँक कुठेच नाही.

'काय बनलं नाही' हे मी मुद्दाम म्हणतोय. 2016 मध्ये हॅवरफर्ड या अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजच्या गटाने आपल्या लॅबच्या जुन्या वह्या काढल्या, त्यातले फसलेले, कधीच छापून न आलेले प्रयोग कॉम्प्युटरमध्ये भरले आणि त्यावर मॉडेल शिकवलं. नवीन व्हॅनेडियम सेलेनाइट स्फटिक बनेल का याचा अंदाज त्या मॉडेलने 89 टक्के वेळा बरोबर दिला, अनुभवी केमिस्टांच्या अंदाजांना 78 टक्के यश होतं. साधी गोष्ट आहे, ज्याला फक्त जमलेलीच उदाहरणं दाखवली त्याला न जमणं म्हणजे काय हे कळणार कसं? आणि छापून येतात ती फक्त जमलेलीच.

आता आपल्या लॅबमध्ये या. एमएससी-पीएचडीचं पोरगं वहीत लिहितं, '900 ला 4 तास, फेज आला नाही.' म्हणजे हवा तो स्फटिक बनला नाही. बस. भट्टी मिनिटाला किती अंशांनी चढवली, तापमान मोजणारा थर्मोकपल नमुन्यापासून किती लांब होता, मूस ॲल्युमिनाची की प्लॅटिनमची (ॲल्युमिनाची असेल तर त्यातलं ॲल्युमिनियम थोडं काचेत उतरतंच), लिथियम कार्बोनेट आधी वाळवलं होतं का, झाकण होतं का (नसेल तर वरच्या तापमानाला लिथियम उडून जातो आणि वजन करून घातलेलं मिश्रण तेच राहत नाही), बाहेर काढून हवेत ठेवलं की पितळेच्या पाटीवर ओतलं, यातलं काहीच वहीत नसतं. हे त्या पोराला माहीत नसतं असं नाही, तोंडी विचारलं तर सगळं सांगेल. पण तीन वर्षांनी थीसिस जमा होतो, पोरगं नोकरीला लागतं, वही गाइडच्या कपाटात जाते आणि कपाटाची चावी पुढच्या हेडकडे. थीसिस शोधगंगेवर, देशभरच्या थीसिसच्या खुल्या वेबसाइटवर, चढतो, ही आपल्या देशाने केलेली खरंच चांगली सोय आहे, पण त्यात एक्स-रेचा आलेख चित्र म्हणून चिकटवलेला असतो, कधी कधी स्कॅन केलेला, आणि मशीनला त्यातून आकडे काढता येत नाहीत. कच्ची फाइल काही केबींची असते. ती सोबत जोडायला खर्च शून्य. जोडा असं कुणी सांगितलेलं नसतं म्हणून जोडली जात नाही.

पैशाचं बघायचं तर पैसा आहे. इंडियाएआय मिशनला मार्च 2024 मध्ये दहा हजार कोटींहून जास्त रकमेची मंजुरी मिळाली, त्यातला मोठा भाग जीपीयूसाठी. त्याआधी 2015 पासूनचं साडेचार हजार कोटींचं नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशन, ज्यातून पुण्यात आयसरला परम ब्रह्म आलं, सी-डॅकमध्ये परम सिद्धी आलं, 2024 मध्ये परम रुद्र आलं. 1991 मध्ये पहिला परम पुण्यातच बनला होता, मराठी माणसाला त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. नोव्हेंबर 2024 मध्ये सहा हजार कोटी मंजूर झाले ते सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना परदेशी जर्नल्स वाचता यावीत म्हणून, तीन वर्षांसाठी. दुसऱ्यांचे पेपर वाचायला आपण सहा हजार कोटी देतो आणि आपल्याच भट्ट्यांमधून निघालेली माहिती जमा करायला एक साधं सर्व्हर आणि चार माणसं ठेवत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. सरकारी डेटा शेअर करण्याचं धोरण 2012 पासून कागदावर आहेच. नवीन राष्ट्रीय संशोधन फाउंडेशनने ग्रँटचा शेवटचा हप्ता कच्चा डेटा जमा झाल्यावरच सोडायचा, एवढं केलं तरी दोन-तीन वर्षांत चित्र बदलेल.

विरोधात जे बोललं जातं त्यातलं एक खरं आहे आणि एक मला पटत नाही. खरं हे की विद्यार्थ्याला याचं क्रेडिट मिळत नाही. पीएचडीनंतरची नोकरी पेपर मोजून मिळते, नीट भरलेल्या डेटा-फाइली मोजून नाही, त्यामुळे नुसती अट घातली तर पोरं कसंबसं काहीतरी भरून टाकतील आणि वाईट डेटा हा डेटा नसण्यापेक्षाही घातक. म्हणून डेटा-सेटला पेपरइतकंच वजन द्यावं लागेल, नेमणुकीत आणि बढतीत. हे अवघड आहे, विद्यापीठांच्या समित्यांना पटवायला वेळ लागेल, पण त्याला पर्याय नाही.

जे पटत नाही ते उद्योगाच्या गुपिताचं. मोरबीचा टाइल कारखानदार किंवा खुर्जाचा भांडीवाला आपली ग्लेझची रेसिपी का देईल, असं विचारतात. त्याच्याकडे मागतंय कोण? खाजगी पैशाने केलेलं त्याचं त्याच्याकडे राहू दे. मी बोलतोय ते करातून चाललेल्या लॅबबद्दल, कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संस्थेपासून ते तालुक्याच्या कॉलेजातल्या एका मफल फर्नेसपर्यंत. आणि काचेच्या बाबतीत महाराष्ट्राला हे नवीन नाही. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला जोर दिला, आणि 1908 मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तो चालला लोकांच्या पैशावर, आणि तिथे शिकून तयार झालेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. काच वितळवायची विद्या तळेगावच्या भिंतीत कोंडून ठेवायची असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

सुरुवात लहान असली तरी चालेल. एकच मटेरियल घ्या, लिथियम डायसिलिकेटच घ्या, कारण जगात त्यावर मोजमापं सगळ्यात जास्त आहेत आणि पडताळा घेता येतो. देशातल्या दहा-बारा लॅबना एकाच ठिकाणचा कच्चा माल पाठवा, प्रत्येकाने ठरलेल्या नमुन्यात नोंद ठेवून तोच प्रयोग करायचा, 455 अंशांच्या आसपास जिथे पुंजके सगळ्यात जास्त उठतात तिथे ठेवून मग वर चढवायचं, आणि निघेल ते जसंच्या तसं टाकायचं. लॅबनुसार उत्तरं वेगवेगळी येणार, येऊ द्यात, आपल्या लॅबमध्ये ती किती वेगळी येतात हा आकडासुद्धा आज हाताशी नाही आणि सिम्युलेशन करणाऱ्यांना तो हवाच आहे, कारण मॉडेल चुकलं की भट्टी चुकली हे त्याशिवाय सांगता येत नाही. मॉडेलवाल्यांनी आपली भाकितं प्रयोगाच्या आधी जमा करायची, नंतर बदलायची सोय नाही. हे करायला नवीन बिल्डिंग लागत नाही. लागतात त्या भट्ट्यांचे थर्मोकपल वेळच्या वेळी कॅलिब्रेट करणाऱ्या आणि नोंदी तपासणाऱ्या टेक्निशियनच्या कायम जागा, ज्या कित्येक कॉलेजांत माणूस रिटायर झाल्यापासून भरलेल्याच नाहीत.